फरक मान्य केले म्हणजे फेमिनिझम सोडला असं होतं का?

अबोली२२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी दोन वर्षं जिममध्ये नियमित वजनं उचलते. वेळ जात नाही म्हणून नव्हे, मनापासून करते. झोप, खाणं, वहीत प्रत्येक सेटची नोंद, सगळं काटेकोर. दोन वर्षांत डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनांचा बार उचलून ताठ उभं राहायचं) ४० वरून ८० किलोवर आणली आणि त्यातल्या शेवटच्या १० किलोंनी माझे सात महिने खाल्ले. मागच्या महिन्यात माझा धाकटा भाऊ यायला लागला. आयुष्यात कधी व्यायाम नाही, दिवसभर खुर्चीत बसून काम. तिसऱ्या आठवड्यात माझा सेट झाल्यावर त्याने त्याच बारला दोन्ही बाजूंनी पाच-पाच किलोच्या प्लेटा चढवल्या आणि ९० उचलले. पाठ सरळ, गुडघे नीट, चेहऱ्यावर फारसा ताणही नाही. मी बाजूला हाताला खडू लावून उभी. त्याने काही टोमणा वगैरे मारला नाही हो, उलट म्हणाला ताई तू शिकवलंस म्हणून जमलं. पण त्या रात्री मी घरी येऊन रडले.

खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. घरात हे कळल्यावर आमचे काका म्हणाले, "बघ, निसर्गानेच ठरवलंय, उगाच बरोबरी कशाला करायची?" आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलं तर एक जण म्हणाली की हे बायोलॉजी वगैरे काही नसतं, लहानपणापासून मुलींना खेळू देत नाहीत म्हणून हे होतं, आणि तू असं बोलून त्यांच्याच हातात कोलीत देतेस. मला दोघांचंही पटलं नाही आणि दोघांनाही नीट उत्तर देता आलं नाही, ते सलतंय.

मग वाचत बसले. १९९३ च्या एका अभ्यासात बायकांची कंबरेच्या वरची ताकद पुरुषांच्या साधारण ५२ टक्के आणि पायांची ६६ टक्के भरली होती. २००७ मध्ये जर्मनीत हाताच्या पकडीची ताकद मोजली, तर ९० टक्के बायकांची पकड ९५ टक्के पुरुषांपेक्षा कमी निघाली, आणि खेळाडू म्हणून वर्षानुवर्षं ट्रेनिंग घेतलेल्या बायकासुद्धा ट्रेनिंग न घेतलेल्या सर्वसाधारण पुरुषाच्या पुढे क्वचितच गेल्या. हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, हलकं वाटलं. म्हणजे मी आळशी नव्हते, माझं काही चुकत नव्हतं. किशोरवयात मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि खांदे, हाडं, स्नायू सगळं वेगळं घडतं, त्याला माझी वही काय करणार.

तर माझं मत असं झालंय की फेमिनिस्ट असायला हे नाकारायची अजिबात गरज नाही. मताचा हक्क मागताना कुणी दंड मोजून मागितला नव्हता. आणि दोन पुरुष घेतले तरी एकाची ताकद दुसऱ्याच्या दुप्पट असू शकते, तेव्हा कोणी म्हणत नाही की हा किरकोळ आहे याला अर्धाच पगार द्या, किंवा घरातले निर्णय याला विचारू नका. मग बाईच्या बाबतीतच खांद्यावरून थेट अकलेवर आणि अकलेवरून थेट हक्कावर उडी कशी काय मारली जाते? आपण "फरकच नाही" असं म्हणत राहिलो तर उद्या कोणी एक फरक दाखवला की सगळी इमारत पडल्यासारखं वाटतं. माझं त्या रात्री तेच झालं होतं.

पण इथे अडते. शरीराचं ठीक आहे, ते किलोत मोजता येतं. काकांचं पुढचं वाक्य होतं, "मग मूल सांभाळणं पण निसर्गानेच बाईला दिलंय." आणि डोक्याचं काय, आवडीनिवडीचं काय? कुठपर्यंत मान्य करायचं आणि कुठे थांबायचं? शिवाय एक भीती आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी मला उभं राहवत नाही, तरी ऑफिसात आजवर एकदाही बोलले नाही, कारण आज बोललं की प्रमोशनच्या वेळी तेच पुढे येईल असं वाटतं. मान्य करायचं म्हटलं तर हेही मान्य करायला हवं ना? तुम्ही काय करता, काय वाटतं, मोकळेपणाने लिहा.

सांजवात

अबोली, लिहिलंस ते फार बरं केलंस. मी भूलतज्ज्ञ आहे, वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, त्यामुळे माझ्यासाठी हा वाद पुस्तकी नाही. फरक नाकारले तर काय होतं ते मी सांगते, बायका मरतात.

अमेरिकेत १९७७ मध्ये औषध नियामकांनी नियम केला की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये घ्यायचं नाही. हेतू चांगला होता, गर्भाला धोका नको. पण झालं असं की औषध पुरुषांवर तपासायचं, डोस पुरुषांवर ठरवायचा आणि द्यायचं सगळ्यांना. १९९३ ला नियम बदलला. झोपेचं झोल्पिडेम घे, त्याला १९९२ मध्ये तिथे मंजुरी मिळाली आणि बायकांसाठी डोस निम्मा, म्हणजे १० चा ५ मिलिग्रॅम करायला २०१३ उजाडलं! बायकांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं, सकाळी उठून गाडी चालवताना रक्तात इतकं शिल्लक असायचं की अपघात व्हावा. वीस वर्षं बायका डॉक्टरांना सांगत असणार की सकाळी डोकं जड असतं, आणि त्यांना ऐकायला मिळत असणार की टेन्शन घेऊ नका.

माझ्या आईचं सांगते. रात्री दोनला तिला उलट्या, घाम आणि जबडा दुखायला लागला. मी दुसऱ्या गावी ड्युटीवर. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, तिथे अॅसिडिटी आणि घाबरल्यामुळे झालंय म्हणून गोळी देऊन परत पाठवलं. ईसीजी काढलाच नाही. सकाळी सहाला तिने मला फोन केला आणि पहिलं वाक्य काय, "अगं काही नाही, जरा दात दुखतोय, तुझी झोप मोडली का?" मी फोनवरच ओरडले की आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलला जा. हार्ट अटॅक होता. वाचली, पण हृदयाचा जो भाग त्या चार तासांत गेला तो गेलाच. छातीत दुखणं बायकांमध्येही सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण आहे, पण त्याच्यासोबत किंवा त्याच्याशिवाय मळमळ, जबडा, पाठ, कमालीचा थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. पुस्तकात मात्र छातीवर हात दाबून धरलेला पुरुषच असतो.

गाड्यांचंही तेच. टक्कर-चाचणीचा जो बाहुला जगभर वापरतात तो १९७० च्या दशकात सरासरी पुरुषावरून बनवला. बाई म्हणून जो वापरतात तो त्याचंच छोटं रूप, ४९ किलोच्या आसपास, म्हणजे बारीकशा मुलीएवढा. २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात सीटबेल्ट लावलेल्या बायका-ड्रायव्हरना तशाच अपघातात गंभीर इजेची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्के जास्त निघाली. सरासरी बाईच्या बांध्याचा, १६२ सेंटिमीटर, ६२ किलोचा बाहुला स्वीडनमध्ये अॅस्ट्रिड लिंडर यांच्या टीमने दाखवला तो २०२२ मध्ये.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. फरक मोजा, नीट मोजा, आणि त्याप्रमाणे औषध, सीट, सुट्टी, हत्यार बदला. तुझ्या पाळीबद्दल, उभं राहवत नाही इतकं दुखणं नॉर्मल नाही गं. जगभरात त्या वयातल्या साधारण दहातल्या एका बाईला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असतो आणि निदान व्हायला वर्षं जातात, कारण सगळेच म्हणतात बायकांना दुखायचंच. ऑफिसचं नंतर बघ, आधी चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव.

स्पष्टबोल्या

धागा चांगला आहे आणि अबोलीताईंचा प्रामाणिकपणा आवडला. पण मला वाटतं तुम्ही दोघी अर्ध्या वाटेवर थांबताय. शरीरात फरक आहे हे मान्य, हृदय, औषध, हाड सगळीकडे मान्य, मग मानेच्या वर गेलं की अचानक सगळं समान कसं होतं? हार्मोन मेंदूपर्यंत पोचत नाहीत का?

मी फेमिनिझमच्या विरोधात नाही, समान कामाला समान पगार, सुरक्षितता, शिक्षण याबद्दल दुमत नाहीच. माझा आक्षेप फक्त "निम्म्या इंजिनिअर बायका नसतील तर तो अन्यायच" या गणिताला आहे. २००९ मध्ये पाच लाखांहून जास्त लोकांच्या आवडींचे आकडे एकत्र करून पाहिले होते, त्यात पुरुषांचा कल वस्तूंकडे, यंत्रांकडे आणि बायकांचा माणसांकडे असा फरक बराच मोठा निघाला, ताकदीएवढा नसेल पण किरकोळ म्हणण्यासारखा नक्कीच नाही. माझ्या बायकोला मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा प्रयत्न केला, हुशार आहे, माझ्यापेक्षा हुशार आहे, दोन महिन्यांत सगळं शिकली आणि म्हणाली मला यात काडीचा रस नाही, मला शिकवायला आवडतं. आता ती शाळेत आहे आणि खूष आहे. तिच्यावर अन्याय झाला असं मी का समजायचं? तिच्या निवडीला निवड म्हणू द्या की.

आणि उलट बाजूही बघा. धोकादायक कामात, खाणीत, बांधकामावर मरणारे बहुतांश पुरुष असतात, तिथे निम्म्याचा हट्ट कुणी धरत नाही. पुरुष सरासरी पाच वर्षं आधी मरतो, त्यावरही कोणी फारसं बोलत नाही. फरक मान्य करायचे तर दोन्हीकडचे करा एवढंच म्हणणं आहे.

मास्तर_गणिताचे

स्पष्टबोल्या, तुमच्या बायकोच्या निवडीबद्दल पूर्ण आदर. पुरुषांच्या मरणाचा मुद्दाही बरोबर आहे. पण आवडीच्या आकड्यांवरून तुम्ही जिथे पोचताय तिथे मी नाही येत, आणि मी तीस वर्षं गणित शिकवतोय म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

सरासरीतला फरक एक गोष्ट आणि तो कशामुळे आहे ही दुसरी. ताकदीचा फरक सगळीकडे, सगळ्या काळात दिसतो, म्हणून त्याला शरीराचं कारण पटतं. मेंदूच्या बाबतीत काय दिसतं ते पाहा. अमेरिकेत १९८० च्या सुमारास १३ वर्षांच्या आतल्या हुशार मुलांना मोठ्यांची गणिताची परीक्षा द्यायला लावायचे, त्यात ७०० च्या वर गुण मिळवणाऱ्यांत १३ मुलांमागे एक मुलगी होती. तेव्हा मोठमोठे लोक म्हणाले, हे बायोलॉजी असावं. पुढच्या दोन-तीन दशकांत तेच प्रमाण तीन-चार मुलांमागे एक मुलगी इतकं खाली आलं. जीन्स इतक्या वर्षांत बदलत नाहीत हो! राहिलेल्या फरकात बायोलॉजी असेलही थोडी, मी नाही म्हणत नाही, पण जे १३ होतं तेव्हा तेही "निसर्ग"च होतं ना?

कॉम्प्युटरचं उदाहरण तर उलट दिशेचं आहे. १९४५-४६ मध्ये एनिॲक हा सुरुवातीचा कॉम्प्युटर प्रोग्राम करणाऱ्या पहिल्या सहाजणी बायकाच होत्या, तेव्हा ते चिकाटीचं, बारकाव्याचं, म्हणजे बायकी काम समजलं जायचं. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्यांत मुलींचं प्रमाण १९८०च्या दशकाच्या मध्याला ३७ टक्क्यांपर्यंत गेलं आणि २०१० पर्यंत १८ वर आलं. वस्तूंकडे कल, माणसांकडे कल हे जर जन्मजात असेल तर मुलींचा कल पंचवीस वर्षांत निम्म्यावर कसा आला? काम तेच, मुली त्याच, त्या वर्गात बसायला कसं वाटतं ते बदललं.

२००५ मध्ये जॅनेट हाइड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ४६ मोठे आढावे एकत्र पाहिले, स्वभाव, बुद्धी, बोलणं, आत्मविश्वास, सगळं. त्यातले ७८ टक्के फरक लहान किंवा जवळपास शून्य होते. मोठे फरक होते ते चेंडू किती वेगाने फेकता यांसारखे. आकृती मनात फिरवून पाहण्याचा जो फरक सांगतात तोही २००७ च्या एका प्रयोगात दहा तास ॲक्शन व्हिडिओ गेम खेळल्यावर बराच कमी झाला.

आणि अबोली, तुमची पाळीबद्दलची भीती दीडशे वर्षं जुनी आहे, ती उगाच नाही. १८७३ मध्ये एडवर्ड क्लार्क नावाच्या बोस्टनच्या डॉक्टरांनी लिहिलं की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर शक्ती मेंदूकडे जाते, गर्भाशय खुरटतं, म्हणून त्यांना पाळीच्या दिवसांत अभ्यासाची पूर्ण सुट्टी हवी. लोकांनी ते कॉलेजची दारं बंद ठेवायला वापरलं. त्याला उत्तर दिलं मेरी पटनम जाकोबी या डॉक्टरीणबाईंनी. चिडून लेख लिहिला नाही त्यांनी, प्रश्नावल्या वाटल्या, २६८ बायकांची उत्तरं गोळा केली, काहींची नाडी, ताकद महिनाभर मोजली आणि दाखवलं की बहुतेकींना पूर्ण विश्रांतीची गरज नाही, आणि ज्यांना त्रास होतो त्यांना होतो हेही लपवलं नाही. निबंध निनावी पाठवायचा होता म्हणून गेला, १८७६ मध्ये हार्वर्डचं बक्षीस मिळालं. त्याच हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाला १९४५ मध्ये. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण क्लार्क आणि जाकोबी दोघेही बायोलॉजीच बोलत होते. एकाने दोन-चार पेशंट पाहून सगळ्या बायकांचं ठरवून टाकलं आणि दुसरीने बायकांना विचारलं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, कोपऱ्यातल्या बाकावर बसायची, उत्तर बरोबर असलं तरी वहीवर हात ठेवून झाकायची. मी एकदा तो हात हळूच बाजूला केला तर तिने मी फळ्यावर केलेल्या पद्धतीपेक्षा छोटी पद्धत शोधली होती. विचारलं झाकतेस का, तर म्हणाली, "घरी सगळे म्हणतात मुलींचं गणित कच्चं असतं, मला वाटलं माझं चुकलंच असणार." आता ती मुलगी बारावीनंतर गणित सोडून देते तेव्हा तुम्ही तिला निवड म्हणाल की आणखी काही, हे मला खरंच विचारायचंय.

दोनपिल्लांचाबाप

काकांच्या दुसऱ्या वाक्यावर लिहितो, कारण त्यावर माझा हक्क आहे असं मला वाटतं. आम्हाला जुळी झाली तेव्हा बायकोचं ऑपरेशन झालं होतं, तिला ताप आला, टाके पिकले, दीड महिना तिला उठून बसणंही कठीण होतं. सासूबाई आणि आई दोघींनाही येणं शक्य नव्हतं. मी नोकरीतून बिनपगारी सुट्टी घेतली आणि दोन्ही मुलं माझ्यावर आली.

पहिले दहा-बारा दिवस मला रात्री रडणं ऐकूच यायचं नाही. खरंच सांगतो, ढोंग नव्हतं. बायको दुसऱ्या खोलीतून हाक मारायची, ती तापात असून तिला जाग यायची आणि मी पाळण्याशेजारी असून घोरत. तेव्हा मलाही वाटलं की आईचं वेगळं असतं, हे माझ्यात नाहीच. मग सवय लागत गेली. तिसऱ्या महिन्यात अशी वेळ आली की मोठी नुसती कूस बदलायची, तोंडाने चक् असा आवाज करायची आणि माझे डोळे उघडायचे. धाकट्याचं रडणं भुकेचं की पोटात दुखतंय ते मी अंधारात ओळखायला लागलो. बायको आता चकित व्हायची, तिला ते ओळखू यायचं नाही कारण ती तेव्हा त्यांच्याजवळ नव्हती.

नंतर एका डॉक्टर मित्राने मला एक अभ्यास सांगितला. २०११ चा आहे, फिलिपिन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुण साडेचार वर्षं पाहिले. जे बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन बाप न झालेल्यांपेक्षा बरंच जास्त उतरलं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त मुलांसोबत घालवत होते त्यांचं इतर बापांपेक्षाही कमी होतं. म्हणजे पुरुषाच्या शरीरातही मूल सांभाळायची तयारी आहे, पण मूल हातात घेतल्याशिवाय ती जागी होत नाही. काका निसर्ग म्हणतात तो हाही निसर्गच आहे.

गर्भ बाईच वाढवते, बाळंतपण तीच सोसते, अंगावर तीच पाजते, यात मी काडीचाही वाटा उचलू शकलो नाही आणि ते मी तिच्या टाक्यांकडे बघून रोज मान्य केलं. पण लंगोट, आंघोळ, ताप मोजणं, रात्रीचं खांद्यावर घेऊन फिरणं, लसीची तारीख लक्षात ठेवणं, या कशाला गर्भाशय लागतं? हा जो बाकीचा ढीग आहे तो निसर्गाच्या नावाने बाईच्या अंगावर टाकलेला आहे. क्लॉडिया गोल्डिन बाईंना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात हेच होतं, श्रीमंत देशांत बाई आणि पुरुष यांच्या कमाईतली दरी आज मुख्यतः पहिलं मूल झाल्यानंतर पडते. बाळंतपण तर काही महिन्यांचं असतं, दरी मात्र वर्षानुवर्षं राहते, मग ती शरीरामुळे कशी म्हणायची?

आणि हो, पुन्हा कामावर गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, "बायकोचं काम करून आलास?" मला तेव्हा राग आला नाही, नुसतं कसंतरी झालं, कारण त्या तीन महिन्यांसारखे दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा येणार नाहीत आणि त्यांना ते कधी कळणारच नाही.

सांजवात

बापमाणसा, वाचून डोळे भरले. बाकी उद्या लिहिते, ड्युटी आहे.

स्पष्टबोल्या

मास्तर, कॉम्प्युटरचा आकडा मला माहीत नव्हता, तो विचार करायला लावणारा आहे. आवडीचा सगळाच फरक वातावरणाचा आहे असं मला अजूनही वाटत नाही, ७८ टक्के लहान म्हणजे २२ टक्के लहान नाहीत हेही खरं. पण त्या मुलीच्या झाकलेल्या वहीला मी निवड म्हणणार नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढंच.

आणखी एक, हे माझ्याच मुद्द्याच्या विरुद्ध जातं पण सांगायला हवं, कारण मी स्वतः नेमबाजी करतो. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट हा प्रकार (हवेत उडवलेल्या चकत्या बंदुकीने टिपायच्या) स्त्री-पुरुष एकत्र होता, आणि चीनच्या झांग शान बाईंनी सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. पुढच्या, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवलं, बायकांना स्पर्धाच नाही. विजेतीला आपलं पदक राखायला उतरताच आलं नाही. बायकांचं स्कीट आलं ते २००० मध्ये. वेगळा गट ताकदीच्या खेळात न्यायासाठी करतात, मी त्याच्या बाजूचा आहे, पण इथे गट वेगळा केला नाही, सरळ बाहेर काढलं. तेव्हापासून मी "सोयीसाठी वेगळं" असं कोणी म्हटलं की कुणाच्या सोयीसाठी ते विचारतो.

अबोली२२

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस परत परत वाचतेय.

बाप दादा, तुमचा प्रतिसाद मी काकांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, मग बऱ्याच वेळाने म्हणाले की मी तुम्हा भावंडांना कधी रात्री घेतलं नाही, म्हणजे काकूच घ्यायची. एवढंच. मत बदललं का ते मी विचारलं नाही.

मास्तर, "बायकांना विचारलं" हे वाचून मी थांबले, कारण मला कोणी विचारलं नव्हतं तसं मीही कोणाला विचारलं नव्हतं. काल जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या चौघींना विचारलं की पहिल्या दिवशी तुम्ही काय करता. एक म्हणाली काहीच होत नाही, दोघी गोळी घेतात, आणि चौथी, आमच्या सगळ्यात सिनियर, ती म्हणाली की ती वीस वर्षं त्या दिवशी मुद्दाम जास्त काम करते, कोणाला शंका येऊ नये म्हणून. वीस वर्षं! स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतलीये, पुढच्या मंगळवारी.

आणि जिमचं. सांजवात ताईंचं हत्यार बदला वाचल्यावर डोक्यात आलं आणि शोधलं, तर कळलं की वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत बायकांचा बारच वेगळा असतो, १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाड. पुरुषांचा २० किलोचा आणि २८ मिलिमीटर. तीन मिलिमीटर म्हणजे काय असं वाटेल, पण माझ्या बोटांना विचारा, दोन वर्षं माझी पाठ तयार असायची आणि बार बोटांतून आधी सुटायचा, आणि मी वहीत लिहायचे "ग्रिप कमजोर, मेहनत कमी पडतेय". आमच्या जिममध्ये सगळे बार २८ चेच आहेत. मालकांना विचारलं तर म्हणाले इतक्या वर्षांत कोणी मागितलाच नाही, मागवतो. भाऊ म्हणाला तोवर तू स्ट्रॅप, म्हणजे मनगटाला बांधून बारला गुंडाळायचा पट्टा, बांधून बघ. बांधला, ८५ आले.